नव्या तेलाचे दिवस

पोर्तुगालला जायचं होतं, आणि मुंबईच्या व्हिसा केंद्रात आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. काचेवर चार बोटं टेकवायची, हिरवा दिवा लागला की उचलायची, एवढंच काम. पण दिवा काही हिरवा होईना. काउंटरवरच्या मुलीने आधी ओला कागद दिला, मग क्रीम लावून पाहिलं, शेवटी दुसऱ्या मशीनवर नेलं. आई वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. पन्नास वर्षं काजूगर सोलले, रातांबे फोडले, चूल फुंकली, भांडी राखेने घासली. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची सालं किती वेळा गेली असतील त्याचा हिशेब नाही. सातव्या खेपेला कसेबसे ठसे आले. बाहेर पडल्यावर आई रिक्षात बराच वेळ आपले तळवे बघत बसली आणि म्हणाली, "हात झिजले गो माझे."

ज्यांच्या घरची माणसं अशीच कष्टाची आहेत, त्यांनी व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी पुढची गाडी किंवा दुसरं काम ठरवू नये. आम्ही परतीची बस धरायच्या घाईत होतो आणि त्या घाईनेच आईचे हात अजून थरथरत होते. एकदा ठसे घेतले की पुढचे ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत, हे तेव्हा कळलं आणि जरा बरं वाटलं.

पोर्तुगालला जायचं ठरलं ते माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीमुळे. ती मूळची म्हापशाची, पंधराएक वर्षं लिस्बनला असते. तिचं सासर दक्षिणेत, अलेन्तेजू प्रांतात, सेर्पा गावाच्या बाहेर. सासऱ्यांची साठेक ऑलिव्हची झाडं आहेत. मी आईला घेऊन मे महिन्यात यायचं म्हणत होते, तर तीच म्हणाली, "उन्हाळ्यात नको. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, घरातून बाहेर पडता येत नाही. ऑक्टोबर संपताना या. आमचं तेल निघतं तेव्हा." २०२४ साल होतं, दिवाळी १ नोव्हेंबरच्या आसपास येत होती. दिवाळीला घर सोडायचं म्हणून आई आधी तयार होईना. मैत्रिणीने फोनवर तिला सांगितलं, "काकू, आमच्याकडे दिवाळी करूया ना. पोरांनी माझ्या अजून पाहिली नाही." मग गाडी हलली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने आमच्या राहण्या-खाण्याची जबाबदारी घेतल्याचं पत्र तिकडून पाठवलं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. व्हिसाची फी त्याच वर्षी जूनपासून ८०ची ९० युरो झाली होती. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर ठेवू नका, जिवाला घोर लागतो. आईचं बँकेत फारसं काही नव्हतं, म्हणून माझी कागदपत्रं आणि मी खर्च करणार असल्याचं माझं पत्र जोडलं. तीन आठवड्यांत पासपोर्ट परत आले.

लिस्बनला थेट विमान नाही, दुबईला बदलून गेलो. तीन दिवस शहरात काढले. आईच्या गुडघ्यांना ते चढउतार सोसणारे नव्हते, त्यामुळे ट्रॅम आणि बाकडी, असाच आमचा दिवस जायचा. हवा मात्र अशी की जन्मभर तीच असावी. दुपारी बावीस-तेवीस अंश, संध्याकाळी एक स्वेटर. एक सावधगिरीची गोष्ट: तिथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या चौकोनी दगडांचे असतात, लाखो पावलांनी गुळगुळीत झालेले. शिंतोडे पडले की शेवाळलेल्या पायवाटेसारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट न्या. आईने चपला घातल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी बूट घेतले.

कार्मोच्या चर्चला मात्र जाच, वर छप्पर नसलेलं चर्च. कमानी उभ्या आहेत आणि मधून नुसतं आभाळ. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, माणसं चर्चमध्ये जमलेली असताना भूकंप झाला. देवापुढच्या मेणबत्त्या पडून जागोजागी आगी लागल्या, समुद्र शहरात घुसला. आई त्या उघड्या कमानींखाली हात जोडून उभी राहिली. मी काही बोलले नाही.

शनिवारी २६ तारखेला गाडीने दक्षिणेला निघालो. नदीवरचा लांबच लांब तांबडा पूल ओलांडला की हळूहळू घरं संपतात आणि बुचाच्या झाडांचा माळ सुरू होतो. झाड ओकचं, पण खोडाची साल काढलेली, आतला रंग तांबूस-काळा. साल दर नऊ वर्षांनी उन्हाळ्यात सोलतात, आणि कोणत्या वर्षी सोलली त्याचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने खोडावर लिहून ठेवतात. एका झाडावर ४, दुसऱ्यावर ९. ४ म्हणजे याच उन्हाळ्यात काढलेली. झाडाखाली काळी डुकरं पडलेले ओकचे दाणे खात फिरत होती. आईला झाडावरचे आकडे फार आवडले. आमच्या बागेत हापूसवर औषध कधी मारलं ते ती भिंतीवर कोळशाने लिहून ठेवते.

पुढे बेजा ओलांडलं आणि ऑलिव्हच ऑलिव्ह दिसू लागले. पण हे माझ्या कल्पनेतले नव्हते. चहाच्या मळ्यासारख्या सरळ, कापलेल्या कुंपणाच्या ओळी, मैलोन्‌मैल. ग्वादियाना नदीवर अल्केवाचं धरण झालं, २००२ साली त्याचे दरवाजे बंद करून पाणी अडवलं, त्या पाण्यावर ही नवी लागवड उभी राहिली. एक उंच यंत्र ओळीवर स्वार होऊन जातं आणि झाड झटकून फळ पोटात घेतं. मैत्रिणीचा नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "हे यंत्र माझ्या वडिलांचं अख्खं वर्षाचं काम तासाभरात करेल." पुढे बराच वेळ तो काही बोलला नाही.

सासऱ्यांचं घर पांढरं, चुन्याने रंगवलेलं, खालचा हातभर पट्टा निळा. मुलं त्यांना 'आवो' म्हणतात, म्हणजे आजोबा. आईने पहिल्या मिनिटापासून त्यांना आजोबाच म्हटलं. वय शहात्तर. हस्तांदोलनाला हात पुढे केला तेव्हा आईने तो हात क्षणभर धरून उलटा केला आणि तळवा पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. भेगा पडलेल्या, अंगठ्याची कड काळी पडलेली, नखं जाड. मुंबईच्या त्या मशीनवर ह्यांचेही ठसे आले नसते.

घरांबद्दल एक सांगायला हवं. हवा सौम्य म्हणून आपण निर्धास्त जातो, पण तिथली जुनी घरं बाहेरच्यापेक्षा आत गार असतात. जाड भिंती, दगडी फरशी, सगळ्या घराला पुरेल अशी गरम हवेची सोय नाही. एका खोलीत शेकोटी, बाकी घर ओलसर. रात्री आईला दोन रजया लागल्या. बाहेर फिरायला जाड कोट लागला नाही, घरात लोकरीचे मोजे लागले. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. २७ तारखेच्या पहाटे ते गेलं आणि भारताशी साडेचारचा फरक साडेपाच तासांचा झाला. आदल्या दिवशी साडेसहाला मावळणारा सूर्य साडेपाचला मावळला. ह्या दिवसांत जाणाऱ्यांनी फिरण्याचा बेत सकाळपासून आखावा.

सोमवारी सकाळी आठला शेतावर गेलो. दव भरपूर होतं, गवत पोटऱ्यांना ओलं लागत होतं. सगळ्यात जुन्या झाडाचं खोड इतकं पोकळ की मैत्रिणीची दोन्ही मुलं आत उभी राहतात. तीन जातींची झाडं: गालेगाचं फळ बारीक, आधी काळं होतं, कोर्दोविल मोठं, हिरवट, आणि व्हेर्दियाल, जे उशिरापर्यंत हिरवंच राहतं. तिथल्या मोउरा-सेर्पा भागाचं पारंपरिक तेल ह्या तिघांचंच असतं. आम्ही गेलो तेव्हा फळ अर्धं हिरवं, अर्धं जांभळं. पूर्ण पिकायची वाट पाहिली तर तेल जास्त सुटतं. लवकर काढलं तर कमी सुटतं, पण कडक असतं आणि टिकतं. आजोबा लवकर काढणाऱ्यांतले.

आधी झाडाखाली हिरवी जाळी अंथरायची. ती जाळी म्हणजे दाट कापडच, दोन जाळ्या खोडाशी एकमेकींवर चढवायच्या म्हणजे मधून फळ गळत नाही. उताराच्या बाजूला खाली काठ्या खोचून जाळीची कड उचलून धरायची, नाहीतर सगळं फळ घरंगळत शेजाऱ्याच्या रानात. मग फांद्या झोडायच्या. पूर्वी फक्त लांब काठीने, आता बॅटरीवर चालणारा एक पंजा काठीच्या टोकाला असतो, तो फांदीत घातला की थरथरतो आणि फळांचा पाऊस पडतो. मैत्रिणीचा नवरा पंजा चालवत होता, आजोबा काठी. मला काठी दिली तेव्हा मी आडवी मारली. आजोबांनी लगेच हात धरला. काठी आतून बाहेर, फांदीच्या दिशेनेच गेली पाहिजे. आडवी मारली तर ह्या वर्षी फुटलेली कोवळी डहाळी मोडते, आणि पुढच्या वर्षीचं फळ त्याच डहाळीवर येणार असतं. त्यांनी मोडलेली डहाळी उचलून मला दाखवली. रागावले नाहीत, पण दाखवल्याशिवाय राहिले नाहीत.

आईला उभ्याने काम जमेना. ती सरळ जाळीवर मांडी घालून बसली आणि फळांतून पानं, काड्या वेचायला लागली. थोड्या वेळाने तिने सूप मागितलं. सूप कुठलं असणार! तिने हातवारे करून पाखडायची खूण केली. आजोबांना चटकन समजलं. ते घराकडे गेले आणि एक पसरट, मोठं भांडं घेऊन आले. "गामेला," ते म्हणाले. आई उठून उभीच राहिली. "घमेलां!" ती म्हणाली. "हेंका घमेलांच म्हणतत?" आजोबांनी परत सांगितलं, गामेला. आईने परत सांगितलं, घमेलां. दोघं एकेक बाजू धरून उभी होती.

त्यानंतर तीन दिवस दोघांचा हाच उद्योग. साबण, चावी, परात, मेज, पिंप, बटाटा, कोबी. आई वस्तू उचलून दाखवायची, आजोबा नाव सांगायचे, आणि दोघांपैकी एकाचा चेहरा उजळायचा. दहाच्या सुमाराला काम थांबवून पाव आणि चीजचा तुकडा खायचा, त्या तुकड्याला ते 'बूशा' म्हणाले. तोंडात कोंबायचा बोळा असाही त्याचा अर्थ. मैत्रीण म्हणाली, आपलं बाटलीचं बूच ते हेच. शाळेत हे शब्द पोर्तुगीजांकडून आले असं एका परिच्छेदात पाठ केलं होतं. शेतात उभं राहून ते एकेक करून परत मिळताना बघणं ही निराळी गोष्ट आहे. आणि कोथिंबीर! अलेन्तेजूच्या स्वयंपाकात कोथिंबीर आपल्याइतकीच. लसूण, मीठ, कोथिंबीर खलबत्त्यात वाटून त्यावर तेल आणि उकळतं पाणी ओतायचं, शिळ्या पावाचे तुकडे आणि वर अंडं. असोर्दा म्हणतात. आईने दोन वाट्या खाल्ल्या.

तिने झाडावरचं एक हिरवं ऑलिव्हही तोडून तोंडात टाकलं होतं. आजोबा नको नको म्हणेपर्यंत चावलंच. कच्चं ऑलिव्ह इतकं कडू असतं की जीभ आखडते. थुंकून आई म्हणाली, "कारीट परवडला."

बरणीतलं खायचं ऑलिव्ह कसं करतात ते आजोबांच्या बायकोने दाखवलं. एकेक हिरवं फळ दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने हलकेच ठेचायचं, बी फुटता कामा नये. मग पाण्यात घालायचं आणि रोज पाणी बदलायचं, आठ-दहा दिवस, कडूपणा उतरेपर्यंत. मग मिठाचं पाणी, लसूण, ओरेगानोच्या काड्या. आई तिच्या शेजारी बसून ठेचत राहिली. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या घालताना ती जशी बसते तशीच.

मंगळवारी संध्याकाळी पहिली खेप तेलाच्या गिरणीवर नेली. फळ चोवीस तासांत गेलं तर उत्तम, ढिगात राहिलं की तापतं, आंबतं आणि तेलाला कुबट वास येतो. आमचं सोमवारचं फळ त्यापेक्षा जरा जुनं झालं होतं, म्हणून आजोबांनी ते रात्रभर हवेशीर क्रेटमध्ये पातळ पसरून ठेवलं होतं. गिरणीला तिथे लागार म्हणतात. बाहेर ट्रॅक्टर, छोटे ट्रक, आणि आपापल्या क्रेटवर नजर ठेवून उभी असलेली म्हातारी माणसं. ह्या गिरणीत तीनशे किलोंच्या वर फळ असेल तरच वेगळं गाळून देत, नाहीतर सगळ्यांच्यात मिसळून. आमचं भरलं ३४२. आजोबांनी वजनाची चिठ्ठी दोनदा वाचून खिशात ठेवली. ही धास्ती मला ओळखीची होती. आजोळी खोबरं घेऊन घाण्यावर जायचो तेव्हा आजी घाणेकऱ्याच्या समोरून हलायची नाही, आपल्या खोबऱ्याचं तेल आपल्यालाच मिळालं पाहिजे म्हणून.

आत सगळं स्टीलचं. फळ आधी पानं उडवणाऱ्या वाऱ्यातून जातं, मग धुतलं जातं, मग बियांसकट दळलं जातं. त्याचा हिरवट-तपकिरी लगदा एका लांब टाकीत हळूहळू फिरत राहतो, चाळीसेक मिनिटं. ह्या वेळात तेलाचे बारीक थेंब एकमेकांना भेटून मोठे होतात. लगदा २७ अंशांच्या वर तापू द्यायचा नाही. जास्त तापवला तर तेल जास्त सुटतं, पण वास जातो. आजोबा टाकीच्या काचेशी उभे राहून तो आकडा बघत होते: २६. दर पाच मिनिटांनी परत बघत. मग लगदा जोराने फिरणाऱ्या यंत्रात जातो, तिथे पेंड आणि पाणी एकीकडे, तेल दुसरीकडे. अंगणात जुन्या काळचं दगडी जातं आणि लगदा भरून दाबायच्या गवती चटयांचा गठ्ठा पडला होता. आई त्या जात्याला हात लावून आली.

तेल आलं ते एका साध्या नळीतून. करंगळीएवढी धार. रंग सोनेरी नाही, हिरवा. गढूळ हिरवा, आळवाच्या पानांचा रस काढला तर असेल तसा. वास आधी आला. नुकतं कापलेलं गवत, टोमॅटोच्या झाडाचा पाला, कच्च्या केळ्याची साल. आई नळीजवळ वाकली. "ह्या तेलाक हिरवो वास येता," ती म्हणाली. मी मैत्रिणीला सांगितलं, तिने आजोबांना पोर्तुगीजमध्ये सांगितलं. आजोबांनी मान डोलावली. हिरवा वास असंच तेही म्हणतात.

गिरणीच्या कोपऱ्यात निखारे होते. पावाच्या जाड फोडी भाजून, लसूण चोळून, त्या धारेखाली धरायच्या आणि वर खडे मीठ. तिबॉर्ना म्हणतात. तेल इतकं की मनगटावरून ओघळतं. पहिला घास गवताच्या चवीचा, मग जिभेच्या मागे कडू, आणि गिळल्यावर घशात तिखट, चांगला ठसका लागतो. ठसका लागला की तेल ताजं. आईला लागला, मला लागला, आजोबांनाही लागला, आणि ते ठसका देता देता हसत होते. साडेतीनशे किलोंतून पन्नासेक लिटर तेल मिळालं. पूर्वी गिरणीवाला आपला वाटा तेलातच घ्यायचा. आजोबांनी पैसे दिले. त्या वर्षी तेल महाग होतं, स्पेनमधल्या लागोपाठच्या दुष्काळांनी भाव चढलेले. तरी साठ झाडांत काही पोट भरत नाही. ती ठेवलीत कशाला, असं मी विचारलं नाही. त्या नळीशेजारी त्यांना पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बुधवारी पाऊस. गावातल्या कॅफेत बसलो, तिथल्या टीव्हीवर शेजारच्या देशात वॅलेन्सियाला आदल्या संध्याकाळी आलेला पूर दिसत होता. एकावर एक चढलेल्या गाड्या, चिखल, गच्चीवर अडकलेली माणसं. कॅफेत कुणी बोलत नव्हतं. आकड्यांचा अंदाज यायलाच कितीतरी दिवस गेले. दोनशेच्या वर माणसं गेली. आईने आमच्याकडच्या २००५च्या पुराची आठवण काढली. आभाळ भरलेलंच होतं आणि आजोबा मधूनमधून दारात जाऊन वर बघून येत होते.

गुरुवारी ३१ तारखेला नरकचतुर्दशी. आई अंधारातच उठली. मीही उठले तर स्वयंपाकघरात ती वाटीत नवीन तेल घेऊन शेकोटीशी कोमट करत होती. उटणं तिने घरून आणलं होतं, छोट्या डबीत. मैत्रिणीच्या दोन्ही मुलांना पाटावर बसवलं (पाट म्हणजे एक बुटका स्टूल), डोक्याला, पाठीला, पायांना तेल चोळलं. अख्खं न्हाणीघर त्या हिरव्या वासाने भरलं. आजोबा दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचं तेल पोरांच्या अंगाला लागताना ते बघत होते. मैत्रिणीने त्यांना काय सांगितलं मला कळलं नाही, पण त्यांनी बाही वर करून आपला हात पुढे केला. आईने त्यांच्या दोन्ही हातांना तेल लावलं, भेगांत अंगठ्याने जिरवलं, नखांच्या कडांपर्यंत. दोघंही गप्प होती.

आंघोळी झाल्यावर कारीट फोडायचं. आमच्याकडे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. कारीट इथे कुठून येणार? आईने खिशातून एक हिरवं ऑलिव्ह काढलं. आदल्या दिवसापासून तिने ते जपून ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर ठेवलं, अंगठ्याने दाबलं, "गोविंदा, गोविंदा" म्हणाली आणि बोट जिभेला लावलं. मग मुलांनी केलं. कडू लागल्यावर धाकटा रडायलाच आला. मग मैत्रिणीने केलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कडूपणाचं नव्हतं. म्हापशाच्या तिच्या शेजारघरी तिने लहानपणी हे पाहिलं होतं.

उन्ह आल्यावर राहिलेली झाडं झोडली. दुसरी खेप तिनशेला थोडी कमी पडली, तेव्हा शेजाऱ्याचे दोन क्रेट त्यात घालून भरती केली. तेल नंतर मापून वाटून घेतलं.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, आणि त्यांच्याकडे सर्व संतांचा सण. सुट्टी असते, दुकानं बंद, सामान आदल्या दिवशीच आणून ठेवावं. आदल्या दिवशी दुकानात बादल्या भरभरून शेवंती होती, पिवळी, पांढरी, जांभळी. आईने हावरटासारखी दोन जुड्या उचलल्या. मैत्रीण हळूच म्हणाली, "काकू, ही इथे मातीवर वाहतात. उद्या सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर घेऊन जातात." आईने फुलं परत ठेवली नाहीत. म्हणाली, "एक जुडी देवाक, एक तेंच्या माणसांक." सकाळी आम्ही आजोबांबरोबर दफनभूमीत गेलो. पांढऱ्या भिंती, सरूची झाडं, आणि सगळीकडे शेवंती. घराघरांतल्या बायका बादली-फडकं घेऊन दगड धूत होत्या. आईने आजोबांच्या आई-वडिलांच्या दगडावर पिवळी जुडी ठेवली.

संध्याकाळी साडेपाचलाच अंधार. आम्ही घरून आणलेल्या पाच पणत्या निळ्या पट्ट्याखाली उंबऱ्यावर मांडल्या, आईने कापसाच्या वाती वळल्या आणि नवीन तेल घातलं. ऑलिव्हचं तेल संथ जळतं, धूर जवळजवळ नाही. आजोबांच्या बायकोने कपाटातून एक काचेचा जुना दिवा काढून आणला, तिची आई त्यात तेल-पाणी घालून देवापुढे वात लावायची म्हणे. तोही पणत्यांच्या ओळीत ठेवला. शेजारच्या दोन बायका बघायला आल्या आणि खुर्च्या घेऊन बसल्याच.

परत येताना पाच लिटरचा पत्र्याचा डबा दिला. झाकणाला टेप, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग आईच्या जाड सुती साडीची गुंडाळी, आणि मोठ्या बॅगेच्या मधोमध. केबिनमध्ये अर्थातच चालत नाही. थेंब सांडला नाही. घरी आल्यावर ते अंधारात, चुलीपासून लांब ठेवायचं हे आजोबांनी तीनदा सांगितलं होतं. उजेड आणि उष्णता ह्या दोन गोष्टी तेलाला मारतात. आईने डबा तांदळाच्या कोठीमागे ठेवला. गढूळपणा महिन्या-दीड महिन्यात खाली बसला, मग वरचं नितळ तेल तिने काचेच्या बरण्यांत काढून घेतलं, वर काळा कपडा गुंडाळला.

मे महिन्यात रातांबे झाले. आईने बिया वाळवल्या, फोडून आतला गर कुटला, पाण्यात उकळला, वर आलेलं पांढरं तेल निवल्यावर मुठीत दाबून त्याचे अंड्याएवढे गोळे केले. मुठेल. टाचांच्या भेगांवर त्याच्यासारखं औषध नाही. सहा गोळे केळीच्या सुकल्या पानात बांधले आणि मला बरोबर घेऊन बसने म्हापशाला गेली. मैत्रिणीची आई जूनमध्ये लिस्बनला जाणार होती. पुडीवर काय लिहू म्हणून मी विचारलं, तर आई म्हणाली, "लिही, हातांक लावूक. रात्री झोपताना. गरम करून."

मी तसं लिहिलं, देवनागरीत. खाली मैत्रिणीसाठी एक ओळ टाकली, आजोबांना वाचून दाखव म्हणून.